तळाच्या झाकणातला बल्ब

माझ्या आयुष्यात ज्यांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं, त्या म्हणजे द्वारका सिस्टर. केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या आणि माझी आई तिथे झाडलोट करायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजच्या वसतिगृहाच्या फॉर्मवर पालकाची सही लागली, तेव्हा वडील अंगठा पुढे करून उभे राहिले. सिस्टरांनी त्यांच्या अंगठ्याशेजारी स्वतःची सही केली आणि मला म्हणाल्या, "एक अंगठा, एक सही. पळून आलास तर दोन ठिकाणी तोंड दाखवावं लागेल." मी पळून आलो नाही. बी.एस्सी. झालो. त्या मात्र मला बारावीपासूनच इंजिनिअर म्हणायच्या, कारण त्यांच्या बॅटरीतली वाकलेली पितळी पट्टी मी एकदा सुईने सरळ करून दिली होती. गावात टॉर्चला सगळे बॅटरीच म्हणतात. टॉर्च हा शब्द मी दिल्लीला आल्यावर वापरू लागलो.

गेल्या महिन्यात नोएडातल्या आमच्या घरी त्यांचं पार्सल आलं. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला पांढरा प्लास्टिकचा एलईडी टॉर्च. मी नोकरी करायचो त्या कारखान्यात तयार झालेला, सात-आठ वर्षांपूर्वी मीच गावी नेऊन दिलेला. सोबत दवाखान्यात गोळ्या बांधून देतात तसली कागदाची पुडी, आणि तिच्यावर लिहिलेलं:

लागला: तू दिलास त्या दिवशी.
गेला: मंगळवारी, दिवेलागणीला.
कारण: माहीत नाही. उघडता येत नाही.
शेवटचं काम: माझ्याच घराची मागची पायरी. उजेड मध्येच गेला, पाय चुकला. हात मोडला आहे. बाकी ठीक.

रकाने ओळखीचे होते, अक्षर ओळखीचं नव्हतं. सिस्टरांचं अक्षर लसीकरणाच्या रजिस्टरात बसून घडलेलं, उभं, एकसारखं. हे पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखं, प्रत्येक ओळ खाली घसरलेली. मग लक्षात आलं. मोडलेला हात उजवा असणार. हे त्यांनी डाव्या हाताने लिहिलं होतं.

माझी मुलगी मुक्ता आठवीत आहे. जन्म इथलाच. तिने टॉर्च हातात घेऊन दोन-चारदा बटण दाबलं आणि म्हणाली, "नवा मागवून दे ना त्यांना, बाबा. दो दिन में आ जाएगा."

"त्यांनी नवा मागितलेला नाही. हा पाठवलाय."

"पण तूच तर म्हणतोस, एलईडी मरत नाही."

मी तिच्या हातातून टॉर्च घेतला. सिस्टरांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या पुतणीला फोन लावून हाताची चौकशी केली. प्लास्टर घातलंय, महिनाभर ठेवायचंय, असं ती म्हणाली. फोन ठेवला आणि तो बंद टॉर्च मांडीवर घेऊन बाल्कनीत बसून राहिलो.

सिस्टरांची जुनी बॅटरी मात्र लोखंडी होती. तीन सेलची, लांब, अंगावर उभ्या रेघा, निकेल उडून मधून मधून तांबूस गंजलेलं अंग. तिला एक वास होता. डेटॉलचा, आणि त्याच्याखाली गळलेल्या सेलचा आंबूस, जिभेवर येणारा वास. मागचं झाकण फिरवताना आट्यांमधली वाळू करकरायची. झाकण उघडलं की स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या आत झाकणाच्या तळाला एक छोटी खोबण. त्या खोबणीत एक जादा बल्ब बसवलेला असायचा. जुने टॉर्च असेच यायचे. वापरात असलेला बल्ब गेला की दुसरा त्याच टॉर्चच्या पोटात तयार. सिस्टर त्याच्याभोवती कापूस गुंडाळायच्या, टाके घालायच्या सुईला गुंडाळावा तितक्याच काळजीने. एकदा मला दाखवताना म्हणाल्या होत्या, "बाळंतपणाला निघताना मी आधी हे झाकण उघडून बघते. पिशवी नंतर."

मी दिल्लीला निघालो तेव्हा हीच बॅटरी त्यांनी माझ्या पिशवीत घातली. "मला नवीन मिळालीय," म्हणाल्या. एस.टी. सुटेपर्यंत त्या आणि आई फाट्यावर उभ्या होत्या. आई रडत होती, सिस्टर कंडक्टरला सूचना देत होत्या.

दिल्लीला मी मोठी परीक्षा द्यायला आलो होतो. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये एका मराठी हेडक्लार्कच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो, एक लातूरचा, एक परभणीचा आणि मी. खोलीच्या खिडकीतून बाजारातल्या कपड्यांच्या ढिगांचा कोरा, खळीचा वास यायचा. दुपारभर 'ले लो, ले लो' ऐकत आम्ही राज्यघटना पाठ करायचो. दोनदा परीक्षा दिली, दोनदा पहिल्याच टप्प्यावर गळालो. घरी कळवायचा धीर होईना, म्हणून सिस्टरांना लिहिलं. त्यांचं कार्ड आलं. "नापास झालास, समजलं. जेवतोस का वेळेवर? तुझ्या हाताला काम येतं, ते शोध." बस, एवढंच. ते कार्ड घेऊन मी क्वार्टर्सच्या पाण्याच्या टाकीखाली किती वेळ बसलो होतो, कोण जाणे.

काम सापडलं नोएडात. तेव्हा नोएडा म्हणजे नुसते आकडे होते. सेक्टर इतके, सेक्टर तितके, आणि मध्ये मोहरीची शेतं. यमुना ओलांडून चार्टर्ड बस आत शिरली की एका बाजूला पिवळं शेत, दुसऱ्या बाजूला काचेची इमारत. त्यांच्यामध्ये ओल्या सिमेंटचा वास. टीव्हीवर रोज नवं चॅनेल, दुकानात रोज नवा साबण, नवं पेय. मी त्या बसच्या खिडकीला नाक लावून बसायचो. आपण ज्या देशाचं नागरिकशास्त्र शिकलो तो आणि हा एकच का, असं वाटायचं. फक्त वीज जुनीच होती. संध्याकाळी ती गेली की त्या आकड्यांच्या वसाहतीत मजल्यामजल्यावर टॉर्च हलू लागायचे, आणि त्यातले काही मी तपासलेले असायचे.

माझी नेमणूक होती लाइफ टेस्टच्या खोलीत. खिडक्यांना काळे पडदे, एक लांब टेबल आणि त्यावर ओळीने जळणारे शंभरेक बल्ब. काम एवढंच की बल्ब लावायचे आणि ते मरेपर्यंत थांबायचं. खोलीचे प्रमुख बागचीबाबू, कलकत्त्याहून आलेले, आयुष्य बल्बांत काढलेले. स्वेटरच्या कोपरांना भोकं, खिशात सुपारी. तार तुटताना बारीकसा 'टिक्' आवाज व्हायचा. बागचीबाबू मान वर न करता म्हणायचे, "गया. लिखो." मी रजिस्टरात लिहायचो. लागला, गेला, किती तास, कारण. टॉर्चचा बल्ब तासांतच जगतो. दहा, पंधरा, फार चिवट निघाला तर वीस-पंचवीस. कॉलेजात मी प्रकाशावर अख्खा पेपर दिला होता, पण तार जळत असताना तिचा कण न् कण उडून काचेला आतून काळा करतो, हे मी त्या टेबलाशी वाकून पहिल्यांदा पाहिलं. जितका उजेड दिला तितकी ती तार झिजली होती. 

बागचीबाबू म्हणायचे, "यहाँ टेबल पर तो सब ठीक मरते हैं. बाहर कैसे मरते हैं, कौन बताएगा?"

मी सिस्टरांना लिहिलं. दर दिवाळीला डझनभर बल्ब पाठवतो, पण गेलेला बल्ब फेकू नका. पुडीत बांधून परत पाठवा आणि वर लागला, गेला, कारण हे तीन रकाने भरा. सिस्टरांना रकाने भरायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं. त्यांनी तीनही भरले आणि चौथा स्वतःच वाढवला. शेवटचं काम.

पहिली पुडी आली तेव्हा मी ती बागचीबाबूंच्या समोर उघडली. "क्या लिखा है? पढ़ो."

"काच आतून काळी. शेवटचं काम, वस्तीवरच्या रुक्मिणीची सुटका. मुलगी. आवाज खणखणीत." मी हिंदीत सांगितलं.

"अरे भाई, बल्ब का बताओ." मग भिंग लावून तार बघता बघता म्हणाले, "नाम क्या रखा?"

"लिहिलं नाही."

"पूछो. अगली चिट्ठी में पूछो."

अशा पुड्या वर्षानुवर्षं आल्या. "ओढ्यात कुत्रं आडवं आलं, बॅटरी पडली. तार तुटली. चूक माझी." "नवे सेल घातले आणि बटण दाबताच गेला. नवा जोर त्याला सोसत नाही. तुझ्या कंपनीला हे माहीत आहे का?" कंपनीला माहीत होतं, पण असं सांगितलं कुणी नव्हतं. "अडलेली बाई होती, तालुक्याला न्यावी लागली. बैलगाडीत सगळी वाट हाच लावून धरला. दोघं सुखरूप. त्यांना उतरवलं आणि मग गेला." ही पुडी वाचून बागचीबाबूंनी चष्मा काढला आणि स्वेटरला पुसला. मग त्या बल्बला कागदाची चिठ्ठी डकवून त्यांनी तो वेगळ्या कपाटात ठेवला. आमच्या रजिस्टरात बल्ब पंधरा तास जगायचा. सिस्टरांच्या पुड्या वाचताना मी त्या पंधरा तासांत काय काय मावतं ते बघायचो आणि थक्क व्हायचो.

आणि मग एका सोमवारी तो आला. परदेशातून नमुना म्हणून. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आत तार नाही, पोकळी नाही. बागचीबाबूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "इसमें जलेगा क्या?" टेबलाच्या टोकाला लावला. निळसर पांढरा, थंड उजेड. मी बोट टेकवलं तर कोमट सुद्धा लागेना. रजिस्टरात 'लागला' या रकान्यात तारीख घातली.

त्या आठवड्यात शेजारच्या ओळीतले सगळे बल्ब मेले. नवी ओळ लावली, तीही मेली. तो चालूच. महिना गेला. उन्हाळा आला, वीज जाऊ लागली, आम्ही तो वेगळ्या बॅटरीवर जोडला. बागचीबाबू सकाळी आल्या आल्या डबा ठेवायच्या आधी टेबलाच्या टोकाशी जायचे. "अभी ज़िंदा है?" मी म्हणायचो, "जी." देवळात जावं तसं आम्ही त्या टोकाशी जात होतो, फक्त चपला काढत नव्हतो. मुक्ता जन्मली त्या दिवशी मी हॉस्पिटलातून सरळ कारखान्यात पेढे घेऊन गेलो, तेव्हाही तो जळत होता. बागचीबाबूंच्या निरोपाच्या दिवशी हार गळ्यात घालून ते त्या खोलीत आले, वाकले आणि म्हणाले, "देखो, हम रिटायर हो गए, यह नहीं हुआ."

तो 'टिक्' करून जाणार नव्हता. नुसता मंद, आणखी मंद होत जाणार होता. किती मंद झाला की गेला म्हणायचं, हे माणसांनी बसून ठरवायचं होतं. ज्या वस्तूचं मरण तिच्याजवळ नाही, अशी वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पुढे काही वर्षांनी कारखाना बंद झाला तेव्हा त्या खोलीची वीज तोडायचं काम माझ्याकडे आलं. तो तेव्हा ढगाआडच्या चांदण्याइतका उरला होता, पण होता. बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. 'गेला' या रकान्यात मी तारीख लिहू शकलो नाही. 'बंद केला' असं लिहिलं.

पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायला हवी, कारण चूक तिथे आहे.

नव्या एलईडी टॉर्चचा आराखडा टेबलावर आला तेव्हा मी खोलीचा प्रमुख होतो. आराखड्यात जुन्या सवयीने मागे आट्यांचं झाकण होतं, आणि झाकणात जादा बल्बाची खोबण. मीच टिपण लिहिलं. दिवा मरत नाही, मग जादा दिव्याला जागा कशाला? चार्ज होणारा सेल आतच बसवला तर झाकण तरी कशाला? अंग चिकटवून बंद करावं. साहेबांना टिपण आवडलं. वर माझं नाव होतं. त्या टिपणाची प्रत मी आईला दाखवली होती.

तयार झालेल्या पहिल्या मालातला एक टॉर्च घेऊन मी गावी गेलो. सिस्टर तेव्हा निवृत्त होऊन उपकेंद्रामागेच दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांनी टॉर्च हातात घेतला, सवयीने उलटा केला, आणि मागचा भाग फिरवायला लागल्या.

"उघडतो कुठून रे?"

"उघडायचाच नाही, सिस्टर. चार्जिंगला लावायचा फक्त."

"आणि गेला की?"

"जात नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोलिओच्या डोसाला नाही म्हणणाऱ्या माणसाकडे पाहायच्या तसं, शांतपणे. "जात नाही," त्या म्हणाल्या. "बरं. मग आता मी तुला काय पाठवू?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला होता.

त्यानंतर पुडी आली नाही. दिवाळीला मी बल्ब पाठवायचं कारण उरलं नाही, आणि बल्बांबरोबर जे पत्र जायचं तेही राहिलं. एक वर्ष राहिलं, मग दुसरं. आपण कामात आहोत, त्या मजेत असतील, असं मी धरून चाललो. आणि आता ही घसरत्या अक्षरांची पुडी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघालो. वाटेत कारखान्याचं फाटक लागतं. आता तिथे तयार कपड्यांचं गोदाम आहे आणि लाइफ टेस्टच्या खोलीच्या खिडक्यांना पडदे नाहीत. पुढच्या मार्केटात शकीलभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्यांनी टॉर्च सगळ्या बाजूंनी फिरवला, नखाने फट शोधली.

"साहब, ये खुलता नहीं. टूटता है."

"तोड़ दीजिए."

"बनाया किसने है ऐसा?"

"मैंने."

त्यांनी हातातली करवत थांबवली. "आपने? तो खोलने की जगह क्यों नहीं रखी?"

मी हातानेच करवत चालवायची खूण केली. करवतीच्या पांढऱ्या भुशाचा जळका वास सुटला. अंगाचे दोन तुकडे झाले. आतला चार्ज होणारा सेल फुगला होता, तारेच्या टोकाला हिरवा गंज. शकीलभाईंनी त्यांच्याकडच्या सेलची दोन टोकं सरळ दिव्याला टेकवली, आणि दुकान लख्ख झालं. काउंटरवरचे स्क्रू, त्यांच्या बोटांवरचे डाग, माझा चेहरा, सगळं. सात-आठ वर्षांनंतर तोच पहिल्या दिवसाचा उजेड.  त्या दाण्याने आपला शब्द पाळला होता.

"बत्ती तो नई जैसी है," शकीलभाई म्हणाले. "बाक़ी सब गया."

घरी येऊन मी माळ्यावरून सिस्टरांची जुनी लोखंडी बॅटरी काढली आणि पुड्यांचा डबाही. मुक्ता शेजारी येऊन बसली. एक एक पुडी उघडून वाचू लागली. "बाबा, सुटका म्हणजे? कुणाला पकडलं होतं?" मी सांगितलं. "अडलेली म्हणजे?" तेही सांगितलं. ती बराच वेळ वाचत राहिली. मग एक काळा पडलेला बल्ब तळहातावर धरून म्हणाली, "याने बेबी बघितली होती?"

तोच बल्ब आणि जुनी बॅटरी घेऊन मी शनिवारी पुन्हा शकीलभाईंकडे गेलो. सोबत मुक्ताही आली. जुन्या बल्बाची काच काढून त्याच्या पितळी टोपणात त्यांनी तोडलेल्या टॉर्चमधला एलईडीचा दाणा बसवला, जोर आवरायला एक छोटा रेझिस्टन्स घातला, आणि डाग दिला. तीन साधे सेल घातले. जुन्या बॅटरीच्या तोंडातून नवा उजेड बाहेर पडला तेव्हा मुक्ता नुसतं "बाबा!" एवढंच म्हणाली.

सोमवारी पार्सल केलं. आत हे पत्र ठेवलं.

आदरणीय सिस्टर,

सा. न. पुडी मिळाली. 'कारण' या रकान्यात तुम्ही माहीत नाही असं लिहिलं आहे. तो रकाना मी भरतो. कारण: मी.

दिवा गेला नव्हता. तो अजून तसाच आहे. गेला तो त्याला वीज देणारा आतला सेल, आणि तो बदलायला जी जागा लागते ती मीच काढून टाकायला सांगितली होती. मी दिव्याचं आयुष्य मोजलं आणि बॅटरीचं मोजलं असं समजलो. तुम्ही हातात घेताच विचारलं होतंत, उघडतो कुठून. मी हसलो. त्याचा हिशोब तुमच्या हाताने दिला. मला माफ करा.

सोबत तुमचीच जुनी बॅटरी पाठवत आहे. दिवा नव्यातला आहे. तो ज्या टोपणात बसवलाय ते रुक्मिणीच्या सुटकेच्या वेळच्या बल्बाचं आहे, खणखणीत आवाजाच्या मुलीच्या. बागचीबाबूंनी तिचं नाव विचारायला सांगितलं होतं. ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. सेल साधे आहेत, फाट्यावरच्या दुकानात मिळतात. झाकण डाव्या हातानेही फिरेल, मी आटे साफ करून तेल दिलं आहे आणि स्वतः डाव्या हाताने उघडून पाहिलं आहे.

हा दिवा आपल्या हयातीत जाईल असं वाटत नाही. पण असं मी पूर्वीही म्हणालो होतो. म्हणून तळाच्या झाकणात एक जुना, कोरा बल्ब ठेवला आहे. भोवती कापूस गुंडाळला आहे.

प्लास्टर निघायच्या दिवशी मी आणि मुक्ता तिथे असू. ती तुमच्या पुड्या वाचते आहे आणि मला शब्द विचारते आहे.

काही गेल्याशिवाय पत्र लिहायचं नाही असा नियम आपण कधी केला नव्हता, तरी तसं झालं. आता काही गेलेलं नसतानाही लिहा. बाकीचे रकाने नकोत. शेवटचं काम तेवढं लिहा. उजवा हात बरा होईपर्यंत डाव्या हाताने लिहा. मला वाचता येतं.

तुमचा,
इंजिनिअर